सेटवाल्या साहेबांची निळी काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. लगेच पाय वर घेऊ नका, मी कुणाच्या तळव्यात घुसणाऱ्यांपैकी नाही. मला पितळेची कडी आहे, धरायला दांडी आहे आणि माझा रंग दौतीतल्या शाईसारखा निळा आहे. मी कतारमध्ये, अल खोरला राहते. परवापरवापर्यंत माझा मुक्काम इथल्या एका स्वयंपाकघराच्या खणात होता. शेजारी कुकरच्या जुन्या रिंगा, केचपच्या पुड्या आणि रबरबँडचा गुंता. शंभरी ओलांडलेल्या बाईला असा शेजार मिळावा, याचे मला वाईट वाटत असे. पण कुरकुर करण्याचा माझा स्वभाव नाही. थोडी करते, अगदीच नाही असे नाही.

माझा जन्म लंडनमधल्या एका चष्मेवाल्याच्या दुकानातला. तेव्हा सिनेमा मुका होता आणि काळापांढरा होता, हे तुम्ही ऐकले असेल. पण त्या वेळची फिल्म रंगांच्या बाबतीत जरा वेंधळी होती, हे ऐकले नसेल. लाल रंग तिला काळा दिसे, पिवळा मळकट दिसे आणि निळे आकाश पांढरेफटक दिसे. नटीने हौसेने ओठ लाल रंगवले की पडद्यावर ती कोळसा खाऊन आल्यासारखी वाटायची. म्हणून स्टुडिओतली माणसे जवळ निळी काच बाळगत. एक डोळा मिटायचा, दुसऱ्यावर काच धरायची, की समोरचे घर, माणसे, कपडे पडद्यावर साधारण कसे दिसतील ते आधीच समजे. थोडक्यात, मी भविष्य सांगत असे आणि दक्षिणा घेत नसे.

मला विकत घेतले ते एडगर विथर्स यांनी. मी त्यांना साहेबच म्हणते. साहेब मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. उंच, लाल नाकाचे आणि कोटावर कायम रंगाचे शिंतोडे. लंडनबाहेर काचेच्या छपराचा एक स्टुडिओ निघाला, तिथे त्यांना सेट उभारायला बोलावले. तेव्हा दिव्यांचा उजेड पुरत नसे, सूर्यावर काम चाले. ऊन आले की शूटिंग, ढग आले की चहा. तिकडचे हवामान पाहता चहाच जास्त व्हायचा.

साहेबांचे काम मोठे मजेचे होते. आज राजवाडा, उद्या झोपडी, परवा जहाज. सगळे कापडाचे, लाकडी चौकटींवर ताणलेले आणि खडूची भुकटी सरसाच्या चिकट पाण्यात कालवून रंगवलेले. दार जोरात आपटले की अख्खा राजवाडा थरथरत असे. संगमरवरी जिन्याच्या खालच्या पायऱ्या तेवढ्या खऱ्या असत, वरच्या नुसत्या रंगवलेल्या. एकदा एक नायक रागारागाने जिना चढत गेला, खरा जिना संपल्यावरही चढत राहिला आणि कापड फाडून थेट पलीकडे सुताराच्या मांडीवर जाऊन बसला. सगळ्यांना वाटले, आता साहेब भडकणार. साहेब मात्र टाळ्या वाजवत म्हणाले, "त्याला जिना खरा वाटला ना? मग माझं काम झालं!"

सेट पूर्ण झाला की ते एक गोष्ट न चुकता करत. कॅमेऱ्याच्या जागी जाऊन गुडघ्यावर बसत, एक डोळा मिटत आणि मला दुसऱ्या डोळ्यावर धरत. आपण कुठे उभे आहोत ते महत्त्वाचे नाही, बघणारा कुठे बसला आहे ते महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे. भिंतीचा पांढरा रंग डोळ्यांत खुपला तर ते तो मळवत. नवरीचा पांढरा झगा चमकला तर चहाच्या पाण्यात बुडवून काढत. मी दाखवावे आणि त्यांनी सुधारावे, असा आमचा संसार होता.

एकच खंत होती. पडद्यावर कंपनीचे नाव येई, नटनट्यांची नावे येत, पण सेट कुणी उभारला हे कुठेच येत नसे. हिशेबाच्या कागदांतसुद्धा साहेब सुतारांबरोबर मोडत. त्यावर त्यांनी एक खोडी काढली. प्रत्येक सेटवर, एखाद्या कोपऱ्यात, ते वेटोळे करून झोपलेली एक मांजर रंगवू लागले. राजवाड्यात मांजर, झोपडीत तीच मांजर, जहाजावरही तीच. तेवढीच त्यांची सही.

अशात एक दिवस पोपटराव चितारी आले. साताऱ्याकडच्या एका नाटक कंपनीत पडदे रंगवणारा हा माणूस, सिनेमा कसा करतात ते बघायला बोटीने थेट लंडनला पोहोचला होता. त्यांचे इंग्रजी मोडके आणि साहेबांना मराठीचा गंध नाही. तरी सरस किती पातळ हवा यावर दोघे तासन्‌तास बोलत. पोपटरावांना तिथे रंग कालवायचे काम मिळाले. एकदा स्वयंपाकघराचा सेट होता. पोपटरावांनी कुणालाही न विचारता दारात एक लाकडी उंबरठा ठोकून टाकला. साहेबांनी विचारले, हे काय? पोपटराव म्हणाले, "उंबरठा नाही तर घर सुरू कुठून होतं?"

दुसऱ्या दिवशी नायक पुडिंगची बशी घेऊन दारातून आला आणि त्या उंबरठ्याला अडखळला. पुडिंग उडून सासूबाईंच्या टोपीवर. हे काही गोष्टीत नव्हते, पण दिग्दर्शकाने ते तसेच ठेवले आणि चित्रपटगृहात लोक पोट धरधरून हसले. तेव्हापासून विनोदी चित्रपट असला की साहेब स्वतःच ओरडत, "पोपट, उंबरठा आण!" तो शब्द ते त्यांच्या पद्धतीने म्हणत, पण म्हणत मोठ्या प्रेमाने.

मग सिनेमा बोलू लागला आणि आमची पंचाईत झाली. कापडी भिंतींची फडफड आवाजात पकडली जाऊ लागली. राजवाड्यात राणी हळूच रडते आहे आणि मागे शीड फडफडावे तसा आवाज, हे कसे चालणार? भरीव भिंती बांधणारे नवे लोक आले. त्यातच सगळे रंग नीट ओळखणारी नवी फिल्म निघाली, मग निळी काच कुणाला हवी? मी आणि साहेब एकदमच निवृत्त झालो. पोपटराव मायदेशी निघाले तेव्हा साहेब त्यांना पोहोचवायला बंदरावर आले. मला पोपटरावांच्या हातात देत म्हणाले, "तुमच्याकडे ऊन खूप. हिला तिकडे बरं वाटेल." साहेबांना मी पुन्हा कधी पाहिले नाही. त्या दिवशी मला फार भरून आले. काचेवर धुके धरले, असे पोपटराव म्हणाले. धुके तर धुके.

भारतात आल्यावर पोपटरावांनी पुष्कळ सेट उभारले आणि प्रत्येकात कुठे ना कुठे ती मांजर झोपवली. पण ते थकले आणि माझे दिवस फिरले. कुणी मला कागदांवर वजन म्हणून ठेवले, कुणी मुलांना खेळायला दिले. एकदा एक शहाणा मला घेऊन ग्रहण बघायला निघाला होता. घरातल्या बाईंनी वेळीच त्याच्या हातावर चापट मारली, म्हणून त्याचा डोळा वाचला. शेवटी मी पोपटरावांच्या पणतीच्या, म्हणजे मालविकाच्या वाट्याला आले. लग्नानंतर ती कतारला निघाली तेव्हा मला कुकरमध्ये, डाळीच्या डब्याशेजारी, मोज्यात गुंडाळून आणले गेले. विमानातून येणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच, पण दिसली फक्त डाळ.

मालविका लुसैलच्या टॉवरमधल्या ऑफिसांची सजावट करते. तिचा नवरा संजीव रास लफ्फानच्या गॅस प्रकल्पात सेफ्टी ऑफिसर आहे. पहाटे कंपनीची बस येते आणि तो हेल्मेट काखेत मारून जातो. त्यांची मुलगी नुपूर सहावीत आहे. तीच आमच्या गोष्टीची नायिका.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात निवेदन करायला नुपूर माइकसमोर उभी राहिली होती. पहिले वाक्य बरे गेले. दुसरे मध्येच अडकले, मग उच्चार घसरला आणि हॉल हसला. लोक कौतुकानेच हसले होते. पण माइकसमोर एकटे उभे असताना कौतुक आणि फजिती यांतला फरक कळत नाही. नुपूर घरी आली ती मराठी सोडूनच. आईने मराठीत विचारायचे आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचे, असे आधीही अधूनमधून चाले. आता मात्र मराठीचा एक शब्दही तिच्या तोंडून निघेना. मालविका खणातून कुकरची रिंग काढताना एकदा संजीवला म्हणाली, "हिला सगळं कळतं रे. पण बोलणंच थांबलंय. अशीच दोन-चार वर्षं गेली तर परत येईल का?"  मी खणात पडून सगळे ऐकले.

या वर्षी मंडळाच्या सेक्रेटरी बबीताताईंनी लहान मुलांचे नाटक मालविकावर सोपवले. तिने विचार करून एक युक्ती काढली. जुन्या सिनेमासारखे मुके नाटक! सगळे राखाडी. भिंती राखाडी, कपडे राखाडी, चेहऱ्यालाही राखाडी रंग. मुलांनी फक्त हावभाव करायचे आणि अधूनमधून पाटीवर मराठी वाक्य दाखवायचे. गोष्ट अशी की लग्नघरातले लाडू कोणीतरी चोरते आणि सगळे घर चोराच्या मागे धावते.

"नो डायलॉग्ज?" नुपूरने डोळे बारीक करून विचारले. "प्रॉमिस?"

"एकही नाही. तू लाडूचोर."

"ओके. देन आय विल डू इट."

शेजारचे शफीकभाई रत्नागिरीचे. ते हमद पोर्टला कामाला आहेत. तिथे टाकून दिलेल्या खोक्यांच्या फळ्या त्यांनी परवानगी काढून पिकअपमध्ये भरून आणल्या. सेट बांधायचे काम संजीवने अंगावर घेतले आणि इथेच घोटाळा झाला. संजीवने लग्नघर असे बांधले की वाळूचे वादळ आले तरी हलू नये. माळ्यावर चढायच्या शिडीला त्याने दोन्ही बाजूंनी कठडा लावला. शिडीवर तपासणीची हिरवी चिठ्ठी टांगली. आणि दारातल्या उंबरठ्यावर पिवळेकाळे पट्टे मारले.

मालविकाने ते पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अरे, हे लग्नघर आहे का तुझा प्लांट?"

"उंबरठा म्हणजे ट्रिप हॅझर्ड," संजीव शांतपणे म्हणाला. "आमच्याकडे असं काही दिसलं तर काम थांबवतात. खरं म्हणजे तो काढूनच टाकायला हवा."

"तिने अडखळायलाच हवं! चोर उंबरठ्याला अडखळतो, लाडू घरंगळतात, तीच तर गंमत आहे. माझ्या पणजोबांचा उंबरठा आहे तो!"

"आणि तिचा पाय मोडला तर? मी सेफ्टीवाला आणि माझीच मुलगी प्लास्टरमध्ये?"

शफीकभाई फळीवर बसून हसत होते. "संजीवभाई, आमच्या रत्नागिरीच्या घराला केवढा उंबरठा आहे. आजवर कोण मेला नाय."

वाद मिटेना. तेव्हा मालविकाला माझी आठवण झाली. घरी जाऊन तिने खण उपसला, रबरबँडच्या गुंत्यातून मला सोडवले आणि ओढणीने पुसले. मित्रांनो, किती वर्षांनी कुणीतरी एक डोळा मिटून माझ्यातून पाहिले! मला तर काळेपांढरे दिवस आठवले. आणि मी लगेच कामाला लागले. नुपूरचा राखाडी फ्रॉक भिंतीच्या राखाडीत असा मिसळला होता की पोरीचे नुसते डोके हवेत तरंगताना दिसत होते. दारावरचा पडदा इतका पांढरा होता की दुसरे काही दिसेना. आता तुम्ही म्हणाल, फोनवर एक बटण दाबले की सगळे काळेपांढरे दिसते. दिसत असेल. पण फोन उचलला की मेसेज दिसतात, मला उचलले की सेट दिसतो.

मग धमाल सुरू झाली. फ्रॉक गडद केला, भिंती फिक्या केल्या. शफीकभाईंच्या पत्नी मैमुनाभाभींनी पातेलेभर सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, उकळला आणि पडदा त्यात बुडवला. साहेबांच्या नवरीच्या झग्यासारखाच! मी आनंदाने लकाकले. काम करता करता मालविका नुपूरला माझी गोष्ट सांगत होती. साहेब, पोपटराव, पुडिंग, सगळे. कोपऱ्यात तिने वेटोळे करून झोपलेली मांजर रंगवली.

"वेट," नुपूर म्हणाली. "त्यांचं... हिज नेम वॉज नेव्हर देअर? इन एनी फिल्म?"

"कधीच नाही."

"नॉट ईव्हन वन्स? दॅट्स सो अनफेअर."

ती बराच वेळ त्या मांजरीकडे बघत राहिली.

उंबरठ्याचा तोडगा शेवटी संजीवनेच काढला. पाइपांवर गुंडाळतात तो जाड, मऊ फोम त्याने बाजारातून आणला, चौकोनी कापला आणि राखाडी रंगवला. लांबून पाहिले तर अस्सल लाकडी उंबरठा, पायाला मात्र उशी. त्याने स्वतः आधी त्यावर अडखळून पाहिले, मग मालविकाला अडखळवले, मग शफीकभाईंना. प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून, मला डोळ्यावर धरून मालविका म्हणाली, "खरा दिसतोय." साहेब असते तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. हॉल भरला. पण आधीची नाचगाणी लांबली आणि हॉल वेळेवर रिकामा करून द्यायचा होता. मी मालविकाच्या गळ्यात दोरीने लटकत होते. विंगेत बबीताताई माइक हातात घेऊन घाईघाईने आल्या.

"मालविका, आता नावंबिवं वाचायला टाइम नाही गं. डायरेक्ट नाटक सुरू करू. नावं नंतर ग्रुपवर टाकते. यल्ला, चला, पडदा!"

मालविका म्हणाली, "बरं." मुकाट्याने म्हणाली, पण तिचा हात माझ्यावर आला आणि मला घट्ट धरून राहिला. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे नाटकाआधी 'नेपथ्य' म्हणून सेट करणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगतात. जे साहेबांना आयुष्यभर मिळाले नाही ते आपल्याकडे साध्या हौशी नाटकातसुद्धा मिळते. आणि तेच आज राहणार होते.

नुपूरने हे ऐकले होते. तोंडाला राखाडी रंग, डोक्यावर लाडूचोराची टोपी. ती आईजवळ आली. माझी दोरी तिने आईच्या गळ्यातून काढली, बबीताताईंच्या हातातला माइक घेतला आणि कुणी काही म्हणायच्या आत पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

"नेपथ्य," ती म्हणाली आणि थांबली.

हॉल शांत झाला.   गेल्या वर्षी ती याच जागी अडकली होती. मग नुपूरने एक डोळा मिटला आणि मला दुसऱ्या डोळ्यावर धरले. माझ्यातून तिला दिसल्या निळ्याकाळ्या रांगा. हसणारे काका कोणते, कौतुक करणाऱ्या मावशी कोणत्या, फोनवर शूट करणारे कोण, काही कळत नव्हते. नुसत्या सावल्या आणि त्या ऐकत होत्या.

"नेपथ्य, माझी आई. म्हणजे मालविका कोठावळे. फळ्या, शफीक अंकल. चहा... म्हणजे पडदा, मैमुना आंटी. उंबरठा, पोपटराव चितारी आणि माझे बाबा. उंबरठा सेफ आहे."

हॉल हसला.  पण नुपूर हसणे थांबेपर्यंत थांबली. या वेळी हसवले होते तिने.

"आणि मांजर," ती हळू म्हणाली, "मांजर एडगर विथर्स यांची. ते खूप पूर्वी लंडनला सेट करायचे. त्यांचं नाव कधी कुणी सांगितलं नाही. म्हणून मी सांगितलं."

मित्रांनो, शंभर वर्षांत मी त्यांचे नाव भर सभागृहात पहिल्यांदाच ऐकले. तेही अल खोरमध्ये, मराठीत, राखाडी तोंडाच्या एका मुलीकडून. टाळ्या पडल्या त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. संजीव पहिल्या रांगेत उभा राहून वाजवत होता. बबीताताई डोळे पुसत म्हणाल्या, "मरू दे तो टाइम."

नाटकाचे काय सांगू? चोर उंबरठ्याला अडखळला, लाडू घरंगळत थेट पहिल्या रांगेत गेले आणि दोन तर प्रेक्षकांनी खाल्ले. कुणाचाही पाय मोडला नाही.

आता माझे ऐका. तुमच्या घरातही खणात, माळ्यावर, एखाद्या डब्यात माझ्यासारखे कुणीतरी पडलेले असेल. त्याला बाहेर काढा, ते कुणाचे होते ते विचारा. पुसायला मऊ सुती कापड घ्या, टी-शर्टचे टोक नको. आणि नाटक-सिनेमा बघाल तेव्हा नावे सुरू झाली की उठू नका. एखादे नाव मोठ्याने वाचा. ते माणूस कुठेही असो, त्याची काच कुठेतरी ऐकत असते.

सेट मोडला तेव्हा मांजरीची फळी तेवढी नुपूरने घरी आणली. ती आता दिवाणखान्यात भिंतीवर आहे आणि तिच्या खालच्या खिळ्याला मी टांगलेली आहे. घरी पाहुणे आले की हमखास विचारतात, ही मांजर कुणाची? आईबाबा गप्प बसतात. नुपूर मला खिळ्यावरून काढून पाहुण्यांच्या हातात देते, त्यांना एक डोळा मिटायला लावते आणि सांगायला सुरुवात करते. मराठीत, पहिल्यापासून.